संत झेली मार्टिन : एका ख्रिस्ती मातेचे चरित्र

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे ज्यांच्या श्रमाने तो धर्मग्राम उभा राहिला त्यांचे कृतज्ञतेने स्मरण करण्याची आपल्यात रीत आहे. मंदिर बांधणारे धर्मगुरू, शाळा चालविणाऱ्या धर्मभगिनी, जमीन व देणगी देणारे सद्गृहस्थ ह्यांची नावे नोंदवहीत सापडतात. परंतु पहाटे उठून मुलांना मिस्सासाठी तयार करणाऱ्या, रात्री दिव्यापाशी त्यांच्याकडून जपमाळ म्हणवून घेणाऱ्या, आणि घरातील घासातला घास काढून शेजारच्या गरिबाला देणाऱ्या मातांची नावे बहुधा कोठेच लिहिलेली नसतात. अशाच एका मातेला पवित्र ख्रिस्तसभेने २०१५ साली संतपदाचा मान दिला. तिचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, ते प्रत्येक ख्रिस्ती गृहिणीस धीर देणारे होईल, अशा हेतूने हा लेख लिहिला आहे.

झेली गेरँ हिचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्स देशातील नॉर्मंडी प्रांतात, आलांसों शहराजवळील एका खेड्यात झाला. बाप जुना शिपाईगडी; पुढे तो सशस्त्र पोलिसांच्या चाकरीत होता. आईबाप दोघेही श्रद्धाळू, पण आईचा स्वभाव फार कडक असल्यामुळे झेलीचे बालपण आनंदात गेले नाही. आपल्या मुलांना मायेची ऊब कधी कमी पडू द्यायची नाही, हा तिचा निर्धार बहुधा ह्या अनुभवातूनच आला असावा. १८४४ साली हे कुटुंब आलांसों येथे राहावयास आले.

तरुणपणी झेलीची एकच इच्छा होती. संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांच्या दयाभगिनींच्या संघात शिरून आजारी व अनाथ माणसांची सेवा करावी, असे तिच्या मनाने घेतले होते. आईला सोबत घेऊन ती आलांसों येथील त्यांच्या मठात गेली. परंतु मठाच्या प्रमुख भगिनीने, ही देवाची इच्छा दिसत नाही, असे स्पष्ट सांगून तिला परत पाठविले. ह्या नकाराने तिचे मन फार दुखावले. तथापि ती देवावर रुसून बसली नाही. आपण मठात जाणार नसू तर देवाने आपणास पुष्कळ मुले द्यावीत आणि ती सर्व त्याच्या सेवेला लागावीत, अशी प्रार्थना तिने केली.

आता पोटासाठी काही उद्योग पाहणे भाग होते. ८ डिसेंबर १८५१ रोजी, निष्कलंक मरियेच्या सणाच्या दिवशी, आलांसोंची प्रसिद्ध लेस करावी अशी स्पष्ट प्रेरणा तिला अंतःकरणात झाली. ही लेस यंत्रावर होत नाही. ती केवळ सुईने व बारीक धाग्याने विणतात. हे काम इतके नाजूक, की एक चौरस सेंटीमीटर लेस पुरी होण्यास सुमारे सात तास लागतात. २०१० साली युनेस्को संस्थेने ह्या कलेची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. लेसचे लहान लहान तुकडे निरनिराळ्या बाया आपापल्या घरी विणीत, आणि शेवटी ते तुकडे असे जोडावे लागत, की सांधा कोठे आहे हे डोळ्यांना दिसू नये. सर्वांत कठीण असे हे सांधण्याचे काम झेली स्वतः करी. १८५३ च्या अखेरीस, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तिने स्वतःचा धंदा सुरू केला. दर गुरुवारी कामकरणी आपले काम तिच्याकडे आणून देत. त्यांच्यापैकी कोणी आजारी पडली म्हणजे रविवारी सायंप्रार्थनेनंतर झेली तिच्या घरी जाऊन विचारपूस करी.

त्याच शहरात लुई मार्टिन नावाचा एक घड्याळजी राहत असे. त्यालाही एके काळी मठवासी व्हावयाचे होते. पण लॅटिन भाषा येत नसल्यामुळे आल्प्स पर्वतावरील संत बर्नार्ड ह्यांच्या मठातून त्याला परत यावे लागले होते. मठाच्या दारातून परतलेली ही दोन माणसे १३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री आलांसोंच्या नोत्र दाम मंदिरात विवाहबद्ध झाली. त्याच दिवशी झेली आपल्या बहिणीला भेटण्यास ल मां येथील व्हिजिटेशन मठात गेली आणि तेथे तिला रडू आवरेना. नवऱ्यावर तिचे प्रेम नव्हते असे नाही. पण मठाची ओढ अद्याप सुटली नव्हती. पहिले सुमारे दहा महिने दोघांनी ब्रह्मचर्याने काढले. पुढे एका धर्मगुरूच्या उपदेशाने त्यांना उमगले, की विवाह हाही देवाने नेमलेला पवित्र मार्ग असून मुलांना स्वर्गासाठी वाढविणे हीच त्यांची सेवा होय.

१८६० पासून १८७३ पर्यंत देवाने त्यांना नऊ मुले दिली. घरचा नित्यक्रम साधा होता. नवराबायको रोज पहाटे साडेपाचच्या मिस्साला जात. रविवारी लुईचे दुकान बंद असे; त्या दिवशी गिऱ्हाइके चांगली येतात म्हणून पुष्कळांनी त्याला दुकान उघडण्याचा सल्ला दिला, पण त्याने तो मानला नाही. झेली रात्री उशिरापर्यंत लेसवर वाकून बसलेली असे. मुलांचे कपडे, जेवणखाण, धंद्याचा हिशेब, सर्व तिच्याच माथी. धंदा इतका वाढला, की १८७० साली लुईने आपले घड्याळाचे दुकान सोडून पत्नीच्या व्यवसायाला हात लावला. त्या काळी अशी गोष्ट विरळाच.

परंतु ह्या सुखी घरावर दुःखाचे डोंगर कोसळले. १८६७ च्या फेब्रुवारीत पाच महिन्यांचा मुलगा गेला. पुढच्या वर्षी ऑगस्टात दुसरा मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला, आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, घरी आणून जिची सेवा चालविली होती ती वृद्ध पित्याची कुडीही शांत झाली. १८७० च्या फेब्रुवारीत पाच वर्षांची गोड मुलगी एलेन आईच्या मांडीवर मरण पावली. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन महिन्यांची आणखी एक मुलगी दूधआईच्या हयगयीने दगावली. चार वर्षांच्या आत चार लेकरे मातीआड झाली. एवढाले दुःख सोसण्यापेक्षा ही मुले जन्मालाच आली नसती तर बरे झाले असते, असे शेजारपाजारचे लोक म्हणत, तेव्हा झेलीला ते मुळीच पटत नसे. आपली बाळे कायमची हरवलेली नाहीत. आयुष्य थोडे आहे, ती आपणास स्वर्गात पुन्हा भेटतील, ही तिची दृढ श्रद्धा होती. तरीही ती रडली, थकली, आणि आपल्या पत्रांतून तिने हे दुःख झाकून ठेवले नाही. तिची २०० हून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतून दगडाच्या मूर्तीप्रमाणे निर्विकार नव्हे, तर आपल्यासारखीच काळजीने झोप उडालेली आई वाचकाला भेटते.

स्वतःच्या दुःखाने तिने दार लावून घेतले नाही. एकदा वाटेत एक दीन म्हातारा दिसला, तेव्हा तिने त्याला घरी नेऊन जेवू घातले, वस्त्रे व जोडे दिले. पुढे लुईने खटपट करून त्याची अनाथाश्रमात कायमची सोय लाविली. दुसऱ्या वेळी, धर्मभगिनींचा वेष घेतलेल्या दोन बाया एका अनाथ मुलीचा छळ करीत आहेत, हे तिच्या ध्यानात आले. तेव्हा ती स्वस्थ बसली नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे उभी राहून तिने त्या मुलीची सुटका करविली.

तिची सर्वांत मोठी काळजी म्हणजे तिसरी मुलगी लेओनी. ही मुलगी दुखणाईत, हट्टी व अभ्यासात मागे. शाळेतूनही तिला परत पाठविले होते. १८७७ साली उघड झाले, की घरातील मोलकरीण तिला गुप्तपणे धाकात ठेवून आपल्याच हुकमात वागवीत होती, म्हणून मूल आईपासून दूर राही. हे कळले तेव्हा झेलीच्या अंगात असाध्य रोग भिनला होता. छातीतील गाठीचे दुखणे तिला १८६५ पासून होते. डिसेंबर १८७६ मध्ये वैद्यांनी आशा सोडली. तेव्हापासून उरलेले दिवस तिने लेओनीला जवळ घेण्यात घालविले. मायेने मूल पालटू लागले. जूनमध्ये थोरल्या तीन मुलींना घेऊन ती लूर्द येथे यात्रेस गेली. स्वतःसाठी जगण्याची हौस म्हणून नव्हे, तर ह्या मुलीला आईची गरज आहे म्हणून तिने आरोग्य मागितले. चमत्कार झाला नाही. परतीचा प्रवास फार कष्टाचा झाला. तरी तिच्या तोंडून मरियामातेविषयी तक्रारीचा शब्द निघाला नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तिने देह ठेविला. तेव्हा धाकटी मुलगी तेरेजा साडेचार वर्षांची होती.

लुई पाचही मुलींना घेऊन लिझ्यू येथे राहावयास गेला. आईने तरुणपणी केलेली प्रार्थना आता फळास आली. पोलीन, मारी, तेरेजा व सेलीन ह्या चौघी लिझ्यूच्या कार्मेल मठात गेल्या. लेओनीला तीन वेळा मठजीवन सोडून परतावे लागले. चौथ्या खेपेस, १८९९ साली, ती कां येथील व्हिजिटेशन मठात शिरली आणि १९४१ साली मरण येईपर्यंत तेथेच राहिली. जिच्याविषयी आई शेवटच्या घटकेपर्यंत झुरली, त्या लेकीला संतपद मिळावे म्हणून २०१५ साली चौकशी सुरू झाली.

तेरेजा १८९७ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी वारली व १९२५ साली संत म्हणून घोषित झाली. गोव्यात ज्यांचे पवित्र शरीर आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या बरोबरीने १९२७ साली तिला मिशनकार्याची आश्रयदात्री नेमण्यात आले. मठाबाहेर न पडलेल्या ह्या मुलीने सर्व जगासाठी प्रार्थना करण्याचा पहिला धडा आईच्या मांडीवरच घेतला होता. १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे झेली व लुई ह्यांना धन्य ही पदवी मिळाली, आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी दोघांना एकाच वेळी संत म्हणून जाहीर केले. पतिपत्नींना असे जोडीने संतपद मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. त्यांचा सण १२ जुलै रोजी येतो.

प्रिय भगिनींनो, झेलीने मठ मागितला. देवाने तिला घर दिले. शिवणाची सुई, पाळणा, आजारी पिता, रुसलेली लेक, दाराशी आलेला भिकारी, हेच तिचे व्रत झाले. तुमच्यापैकी कित्येकींनी मूल गमावले असेल, कित्येकींचे मूल वाट चुकले असेल, कित्येकी दिवसभर कामावर राबून रात्री घर सांभाळीत असतील. आपल्या हातून देवाची काही सेवा होत नाही, असे वाटून मन खिन्न होईल तेव्हा ह्या मातेकडे पाहा व तिची मध्यस्थी मागा. आणि तरुणांनो, ह्या महोत्सवाच्या दिवशी देवळातून घरी परताल तेव्हा आपल्या आईला, आणि ती देवाघरी गेली असल्यास तिच्या आत्म्याला, एका प्रार्थनेची भेट द्या. तिचे नाव धर्मग्रामाच्या नोंदवहीत नसले, तरी ज्याच्यासाठी तिने कष्ट केले त्याच्या वहीत ते लिहिलेले आहे.