इंजिन रुळवणारा माणूस : सोइचिरो होंडा

नवा विद्यार्थी वसतिगृहात रुळायला जसे दोन-चार महिने लागतात, तसे नव्या इंजिनालाही रुळावे लागते. माझ्या लहानपणी एखाद्या कोऱ्या गाडीच्या पाठीमागे ‘रनिंग इन’ अशी पाटी लटकलेली दिसे. इंजिन अजून नवे आहे, गाडी सावकाश जाणार, घाई असेल त्याने पुढे व्हावे, एवढाच तिचा अर्थ. मी पदार्थविज्ञान शिकवतो. घर्षणाचा धडा आला की मला ती पाटी आठवते आणि तिच्या पाठोपाठ एक जपानी माणूस आठवतो. त्याचे नाव मोटारसायकलीच्या टाकीवर वाचून आपल्या सर्वांना पाठ झाले आहे, पण त्या नावामागचा माणूस आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक आहे.

आधी इंजिन रुळते म्हणजे काय होते ते पाहू. नव्या सिलिंडरची आतली भिंत बोटाला गुळगुळीत लागते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तीच भिंत डोंगर-दऱ्यांचा मुलूख दिसते. होनिंगच्या दगडांनी तिच्यावर तिरपे, एकमेकांना छेदणारे ओरखडे मुद्दाम पाडलेले असतात. पिस्टनच्या खाचांत बसवलेल्या रिंगा या भिंतीवर घासत खाली-वर होतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात बहुधा तीन रिंगा असतात. वरच्या दोन जळत्या वायूचा दाब अडवतात, खालची भिंतीवरचे जादा तेल पुसून घेते. पहिल्या काही तासांत रिंग आणि भिंत एकमेकींची टोके झिजवतात. दऱ्या मात्र तेल धरून ठेवण्यापुरत्या उरतात. असे झाले म्हणजे रिंग बसली, इंजिन रुळले.

यातली खरी गंमत पुढे आहे. रिंगेला भिंतीवर दाबून धरण्याचे काम मुख्यतः जळणारा वायूच करतो. त्यामुळे नवे इंजिन नुसते उभ्या जागी गुरगुरत ठेवले किंवा फारच जपून चालवले, तर रिंग पुरेशी दाबली जात नाही, भिंतीवर तेलाचा चिकट, चकचकीत थर बसतो आणि मग ती रिंग कधीच नीट बसत नाही. उलट पहिल्याच दिवशी पुरा कान पिळला, तर उष्णतेने पिस्टन फुगतो आणि जाम होतो. म्हणून भार द्यावा, पण बेताने. थोडा द्यावा, थंड होऊ द्यावे, मग आणखी द्यावा. येथे ‘पी हळद नि हो गोरी’ चालत नाही. सोइचिरो होंडांचे चरित्र वाचताना मला वारंवार वाटले की हा नियम केवळ लोखंडापुरता नाही.

होंडांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी हामामात्सु शहराजवळच्या कोम्यो या खेड्यात झाला. वडील गिहेई लोहारकाम करीत आणि सायकली दुरुस्त करीत. आई मिका माग चालवीत असे. सायकलच्या दुकानातून कारखानदारी उभी राहू शकते हे बेळगावकरांना नव्याने सांगायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आरंभ १८८८ साली आपल्या याच गावात सायकलच्या दुकानापासून झाला.

सोइचिरोचे शाळेत लक्ष नसे. तेथे प्रगतिपुस्तकावर पालकांचा शिक्का उमटवून आणावा लागे. या मुलाने सायकलच्या पायडलच्या रबरावर घरचा शिक्का स्वतःच कोरला. जपानी लिपीत उभे लिहिलेले ‘होंडा’ हे नाव आरशातही तसेच दिसते, म्हणून ती लबाडी खपली. मग मित्रांची भीड पडली आणि त्याने त्यांचेही शिक्के कोरले. शिक्का उलटा कोरायचा असतो हे ठाऊक नव्हते, बिंग फुटले. १९१७ साली आर्ट स्मिथ हा अमेरिकन वैमानिक हामामात्सुला विमानाच्या कसरती दाखवायला आला, तेव्हा हा मुलगा वडिलांची मोठी सायकल काढून, नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत तेथवर पोहोचला. तिकिटाला पैसे पुरेनात, तेव्हा झाडावर चढून त्याने विमान पाहिले.

१९२२ साली तो टोकियोच्या ‘आर्ट शोकाई’ या मोटारदुरुस्तीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. आरंभी हाती पाना येण्याऐवजी मालकाचे मूल आले. ते सांभाळणे हेच काम. पुढे मालक युझो साकाकिबारा यांनी त्याचा हात ओळखला. दोघांनी मिळून विमानाचे इंजिन बसवलेली एक शर्यतीची मोटार बांधली. १९२४ च्या शर्यतीत ती पहिली आली, तेव्हा चालकाशेजारी मेकॅनिक म्हणून सोइचिरो बसला होता. १९२८ साली, एकविसाव्या वर्षी, त्याने हामामात्सुला आर्ट शोकाईची शाखा उघडली. दुकान उत्तम चालले. जून १९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामागावा येथील शर्यतीत त्यांची भरधाव मोटार दुसरीवर आदळली. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघेही जखमी झाले.

याच सुमारास त्यांनी दुरुस्ती सोडून उत्पादनात उतरायचे ठरवले आणि वस्तू निवडली ती पिस्टनची रिंग. दिसायला ती केवळ लोखंडाची एक चीर दिलेली बांगडी. पण होंडांच्या रिंगा काही केल्या जमेनात. त्या कडक होत, ठिसूळ होत, मोडत. रात्र-रात्र भट्टीपाशी बसूनही कारण कळेना. शेवटी ते हामामात्सुच्या तांत्रिक विद्यालयात गेले. तेथील प्राध्यापकांनी तपासणी करून दाखवले, की ओतीव लोखंडात सिलिकॉन कमी पडतो आहे. सिलिकॉन पुरेसा असेल तर लोखंडातला कार्बन ग्रॅफाइटच्या रूपाने सुटा होतो. ग्रॅफाइट तेल धरते, घर्षण कमी करते. सिलिकॉन कमी असेल तर तोच कार्बन लोखंडाशी जखडून काचेसारखे कडक संयुग बनवतो. अशी रिंग भिंतीशी रुळणार कशी? ती भिंतीलाच ओरबाडणार, नाही तर स्वतः मोडणार.

आपली विद्या कुठे संपते हे होंडांना त्या दिवशी कळले. १९३७ साली, तिशी गाठलेला, पदरी कामगार असलेला हा कारखानदार त्याच विद्यालयात पोरांबरोबर बाकावर बसू लागला. परीक्षा त्यांनी दिल्या नाहीत, ज्या तासांचा रिंगेशी संबंध नाही तिकडे ते फिरकले नाहीत. साहजिकच पदविका मिळाली नाही आणि त्यांनी तिची पर्वाही केली नाही.

आपल्याकडे होंडांची ही गोष्ट सांगितली जाते ती बहुधा पदवीची थट्टा करण्यासाठी. अभ्यासाचा कंटाळा आलेल्या विद्यार्थ्याला ती फार आवडते. माझे म्हणणे असे, की ही गोष्ट अर्धीच ऐकली जाते. होंडांनी पदविका नाकारली हे खरे, पण त्याआधी ते विद्यालयाच्या दारात स्वतःहून गेले होते हेही तितकेच खरे. हाताचे कौशल्य एकविसाव्या वर्षापर्यंत त्यांना सर्व काही देऊन गेले. तिसाव्या वर्षी मात्र ते एका बांगडीपुढे थिटे पडले. पुस्तकाला हाताचा आणि हाताला पुस्तकाचा घास लागल्याशिवाय ती रिंग बसणारच नव्हती.

रिंग बनू लागली, तरी सुख लगेच आले नाही. टोयोटाकडे तपासणीला पाठवलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ उतरल्या. पुन्हा दोन वर्षे विद्यापीठे आणि पोलादाचे कारखाने यांचे उंबरठे झिजवावे लागले. मग मात्र ‘तोकाई सेइकी’ या त्यांच्या कंपनीचा माल टोयोटाला जाऊ लागला. महायुद्धात पुरुष सैन्यात गेले, तेव्हा कारखान्यात आलेल्या स्त्रियांना सहज चालवता यावीत अशी स्वयंचलित यंत्रे होंडांनी तयार केली. पुढे बॉम्बहल्ले आणि जानेवारी १९४५ चा भूकंप यांनी कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर त्यांनी आपले भाग टोयोटाला ४,५०,००० येनला विकले आणि एक वर्ष काहीही न करता काढले.

१९४६ साली हामामात्सुच्या एका साध्या शेडमध्ये त्यांनी लष्कराच्या बिनतारी संचांची शिल्लक राहिलेली छोटी इंजिने सायकलींना जोडायला सुरुवात केली. २४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी ताकेओ फुजिसावा त्यांना येऊन मिळाले. होंडांनी यंत्रे पाहावीत, फुजिसावांनी पैसा आणि विक्री पाहावी, अशी वाटणी झाली. होंडांनी कंपनीचा अधिकृत शिक्का फुजिसावांच्या हवाली केला आणि पुन्हा तो विचारला नाही. शाळेत खोटा शिक्का कोरणाऱ्या मुलाने मोठेपणी खरा शिक्का असा दुसऱ्याच्या हाती सोपवला.

मार्च १९५४ मध्ये कंपनी पैशाच्या मोठ्या अडचणीत असताना होंडांनी जाहीर केले, की आपण ‘आइल ऑफ मॅन’ बेटावरच्या जगप्रसिद्ध शर्यतीत उतरणार. त्याच वर्षी ते ती शर्यत पाहायला गेले आणि हबकले. तेवढ्याच आकाराची जर्मन इंजिने त्यांच्या इंजिनांच्या जवळजवळ तिप्पट शक्ती देत होती. पुढची पाच वर्षे तयारीत गेली. १९५९ साली १२५ सीसी गटात त्यांचे स्वार सहावे, सातवे, आठवे आणि अकरावे आले. १९६१ साली १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाचे होते.

मधल्या काळात, १९५८ साली, ४९ सीसीची सुपर कब निघाली. तिचे चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ९,५०० फेरे घेऊ शके; म्हणजे पिस्टन सेकंदाला सुमारे १५८ वेळा खाली जाऊन वर येई. अशा घासाघाशीत टिकायला रिंग कसली हवी, याचा विचार करा! २०१७ पर्यंत या गाडीचे १० कोटी नग तयार झाले. आपल्याकडे १९८४ साली हीरो होंडाची भागीदारी झाली, आणि इंदूरकरांच्या शेजारी पीथमपूरला कायनेटिक होंडा स्कूटर बनू लागली. त्या दोन्ही भागीदाऱ्या पुढे संपल्या. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील नरसापूर येथे २०१३ पासून होंडाचा कारखाना आहे.

होंडा देवमाणूस होते असे मी म्हणणार नाही. राग अनावर झाला की ते हातातली हत्यारे फेकीत. कामगारांनी त्यांना मेघगर्जनेवरून नाव ठेवले होते. हट्टही तसाच. इंजिन हवेनेच थंड झाले पाहिजे हा त्यांचा आग्रह. १९६८ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये त्यांच्या हवेने थंड होणाऱ्या मोटारीचा अपघात होऊन चालक जो श्लेसर मरण पावला. तरुण अभियंते पाण्याने थंड होणारे इंजिन मागत होते, होंडा ऐकेनात. १९६९ साली फुजिसावांनी त्यांच्यापुढे पेच टाकला, की तुम्ही कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार की अभियंता म्हणून. होंडांनी विचार केला आणि माघार घेतली. त्याच तरुणांनी पुढे सीव्हीसीसी इंजिन बनवले आणि धुरावरचे अमेरिकेचे नवे कडक नियम ते पार करून गेले. रिंगेइतकेच कडक असलेले होंडा त्या दिवशी थोडे झिजले, म्हणून इंजिन चालले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. नंतर होंडा देशभरातील आपले कारखाने आणि विक्रेत्यांची दुकाने हिंडले, कामगारांचे हात हातात घेऊन आभार मानत गेले. कोणी तेलकट हात मागे घेतला तर त्यांना तो हात अधिक आवडे. ५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्यामुळे रस्त्यात वाहनांची कोंडी होऊ नये म्हणून कंपनीने मोठी अंत्ययात्रा काढू नये, अशी त्यांची इच्छा होती. ती पाळली गेली.

आता यंत्रकाम इतके अचूक झाले आहे की नव्या इंजिनाला पूर्वीइतके दिवस रुळावे लागत नाही, आणि ती ‘रनिंग इन’ची पाटीही रस्त्यावरून गेली. माणसाच्या बाबतीत मात्र ही सवलत अजून कोणी शोधलेली नाही. वर्गात शिकलेले ज्यांनी कधी हाताने करून पाहिले नाही, आणि हाताने करतो त्याचे कारण ज्यांनी कधी कोणाला विचारले नाही, अशा दोघांनाही माझे एकच सांगणे आहे. एकदा दुसऱ्याच्या दारात जाऊन बाकावर बसा. तिशी उलटली असली तरी चालेल.