भविष्यवादी यिर्मया

यरुशलेमाच्या ईशान्येस सुमारें दीड कोसावर अनाथोथ नांवाचें गांव होतें. तेथील हिल्कीया नामक याजकाच्या घरीं यिर्मयाचा जन्म झाला. योशीया राजाच्या तेराव्या वर्षीं, म्हणजे इ. स. पूर्व ६२७ च्या सुमारास, त्यास ईश्वराचें पाचारण झालें. आपण केवळ पोर आहों, ही त्याची सबब चालली नाहीं.

तेव्हांपासून सुमारें चाळीस वर्षें त्यानें यहूदाच्या लोकांस एकच गोष्ट सांगितली : राष्ट्राला खोल जखम झाली आहे. परक्या दैवतांच्या मागें लागावें, पोरक्यांस व विधवांस नाडावें, आणि मंदिरांत येऊन आपण सुरक्षित आहों असें मानावें, हीच ती जखम. याजक व लोकप्रिय भविष्यवादी ती वरवर बांधीत आणि सर्व कुशल आहे असें सांगत. परंतु आंत घाण ठेवून वरून पट्टी बांधिली, तर पू वाढतच जातो. यार्देनेपलीकडील गिलाद प्रांत औषधी डिंकाविषयीं प्रसिद्ध होता. औषध इतकें जवळ असतां आपले लोक बरे कां होत नाहींत, या विचारानें यिर्मया रडला. दोष औषधाचा नव्हता. आपण रोगी आहों हेंच रोग्यास मान्य नव्हतें.

सत्य सांगणाराचे हाल झाले. बारूखानें लिहून घेतलेली त्याच्या वचनांची गुंडाळी यहोयाकीम राजानें चाकूनें कापून शेगडींत जाळली. यिर्मयानें ती पुन्हां लिहविली. पुढें सिद्कीयाच्या कारकीर्दींत सरदारांनीं त्यास चिखलाच्या टाक्यांत सोडलें. तेव्हां राजवाड्यांतील एबद-मलेख नांवाच्या कूशी सेवकानें त्यास वर काढलें. दोर कांखेंत काचूं नये म्हणून त्यानें आधीं जुन्या चिंध्या खालीं सोडल्या. सगळ्या नगरांत दुसऱ्याच्या जखमेची काळजी वाहणारा असा हा एक परदेशी निघाला!

इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम घेऊन मंदिर जाळलें. यिर्मयास बाबेलांत सुखानें राहतां आलें असतें. पण तो मागें उरलेल्या गरिबांतच राहिला. शेवटीं लोकांनीं त्यास मिसर देशांत नेलें. परंतु देव आपल्या लोकांच्या जखमा बऱ्या करील व आपलें नियमशास्त्र त्यांच्या हृदयावर लिहील, हीही आशा तो देऊन गेला.

बालमित्रांनो, पायांतील कांटा काढतांना दुखतें. पण म्हणून तो तसाच ठेवणारा शहाणा नव्हे. आपला दोष दाखविणाऱ्या आईबापांवर किंवा शिक्षकांवर रुसण्यापूर्वीं यिर्मयाची आठवण करावी.