कडू कवठ आणि डॉ. भाऊ दाजी लाड

कवठ म्हटले की आपणां कमठाण्याच्या मुलांस आठवते ती गूळ घालून केलेली आंबटगोड चटणी. परंतु कडू कवठ नावाचा जो वृक्ष आहे त्याचा या कवठाशी नावापलीकडे काही संबंध नाही. तो आपल्या कोरड्या माळावर होत नाही. सह्याद्रीच्या ओल्या रानात, कारवारकडच्या ओढ्याकाठी तो वाढतो. त्याच्या बियांचे तेल चवीला किळसवाणे, पोटात मळमळ उठविणारे. या तेलाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते डॉ. भाऊ दाजी लाड होत.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. सन १८२२ च्या सुमारास गोव्यातील मांद्रे गावी एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला व लहानपणीच ते मुंबईस आले. बुद्धिबळात हा मुलगा विलक्षण तरबेज होता. त्याचा खेळ पाहून गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्यास इंग्रजी शिक्षण द्यावे अशी सूचना वडिलांस केली, असे सांगतात. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत शिकत व शिकवीत असताना बालिकाहत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास बक्षीस मिळाले. सन १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. तेथून १८५१ मध्ये जी पहिली तुकडी बाहेर पडली तीत भाऊ होते.

धंद्यात त्यांचा जम लवकर बसला; पण गरिबांस फुकट औषध देण्याचे व्रत त्यांनी व त्यांचे डॉक्टर बंधू नारायण दाजी यांनी सोडले नाही. सन १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात बलाढ्य धर्मगुरूंविरुद्ध साक्ष देण्यासही ते कचरले नाहीत. अजिंठ्याचे शिलालेख, कालिदासाचा काळ, जुनी नाणी, मुंबईचे वस्तुसंग्रहालय, स्त्रीशिक्षण असे त्यांचे व्याप किती सांगावेत! दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

पण या सर्वांहून कठीण काम होते ते महारोग्यांचे. त्या काळी महारोग्याला घरचेही टाकून देत. तुवरक या पश्चिम समुद्रकाठच्या वृक्षाचे तेल कुष्ठावर द्यावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. भाऊंस संस्कृत ग्रंथ व पाश्चात्य वैद्यक दोन्ही अवगत होती. त्यांनी रोग्यांवर उपचार करून पुष्कळांस उतार पाडला. मात्र आपले औषध कोणते, हे त्यांनी दीर्घकाळ गुप्त ठेवले. पूर्ण खात्री होईपर्यंत बोलावयाचे नाही, असा त्यांचा विचार असावा. पण त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे मला वाटत नाही. मे १८७४ मध्ये ते वारले, तेव्हा अनुभवाची सविस्तर नोंद जगापुढे यावयाची राहूनच गेली. औषध कडू कवठाचे तेल होते हे मागाहून सर्वांस कळले.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेच्या हान्सेन यांनी महारोगाचा जंतू पाहिला होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखविला. हे दोन्ही जंतू एकाच कुळातले. दोघांवरही मेणचट आवरण असते व त्यामुळे औषध आत शिरणे अवघड जाते. मग महारोगावरचे तेल क्षयावर का चालू नये? या जातीच्या तेलांतील विशिष्ट आम्ले लंडनच्या पॉवर यांनी १९०४-०५ मध्ये वेगळी काढली. हवाईच्या ॲलिस बॉल या तरुणीने टोचता येईल असे त्यांचे रूप १९१५ च्या सुमारास तयार केले. सन १९२० मध्ये वॉकर व स्वीनी या अमेरिकन संशोधकांस काचनळीत ही आम्ले क्षयजंतूंस मारक असल्याचे आढळले. पण काचनळी निराळी आणि माणसाचे फुप्फुस निराळे. रोग्याच्या क्षयावर ते तेल उपयोगी ठरले नाही. क्षयावर पहिले खरे हत्यार मिळाले ते मातीतील सूक्ष्मजीवापासून, १९४३ मध्ये, स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपाने. महारोगावरही १९४० नंतर सल्फोन औषधे आली व कडू कवठाचे तेल मागे पडले. आज दोन्ही रोग गोळ्यांनी पूर्ण बरे होतात. मात्र महिनोन्महिने, मध्येच न सोडता, त्या घ्याव्या लागतात.

भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयासाठी भाऊंनी खटपट केली, त्यास १९७५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. ते राणीच्या बागेस लागूनच आहे.