पॅरी यांच्या कपाटातील नोंदी

ऑगस्ट १७८६. इंग्लंडमधील बाथ शहरात डॉ. केलेब पॅरी यांनी ३७ वर्षांच्या एका विवाहितेला तपासले. नाडी मिनिटाला १५६. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी तिची सारी छाती हादरत होती. गळ्याशी थायरॉइड ग्रंथी सुजलेली, डोळे बाहेर आलेले. धडधडणारे हृदय आणि सुजलेला गळा यांचा एकमेकांशी संबंध असावा, हे पॅरी यांनी हेरले. पुढे अशा आणखी रुग्णांच्या नोंदी ते ठेवत गेले.

१७५५ मध्ये जन्मलेले पॅरी एडिंबरा येथे वैद्यक शिकले. देवीची लस देणारे एडवर्ड जेन्नर त्यांचे बालमित्र. लशीवरचा प्रसिद्ध ग्रंथ जेन्नर यांनी त्यांनाच अर्पण केला. छातीत कळ येऊन दगावलेल्यांच्या हृदयरोहिण्या कठीण झालेल्या असतात, असे जेन्नर यांना दिसले होते. पण त्यांचे गुरू जॉन हंटर यांनाच ते दुखणे होते, म्हणून जेन्नर गप्प राहिले. हंटर १७९३ मध्ये गेले. १७९९ मध्ये पॅरी यांनी या विकारावर पुस्तक लिहिले आणि त्यात जेन्नर यांचे श्रेय मोकळेपणाने नोंदवले.

गलगंडाच्या नोंदी मात्र कपाटातच राहिल्या. १८१६ मध्ये पक्षाघाताने पॅरी यांच्या वाचेवर परिणाम झाला, १८२२ मध्ये ते वारले. मुलाने त्या नोंदी १८२५ मध्ये छापल्या. तरी आजाराला नाव मिळाले ते १८३५ मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांचे. हा पॅरींवर अन्यायच.

हृदयरोहिण्या आणि थायरॉइड, पॅरी यांनी वेगवेगळे अभ्यासलेले हे दोन विषय आज एका फसव्या हृदयविकारात एकत्र येतात. रुग्ण अनेकदा पन्नाशीही न गाठलेली स्त्री. छातीत कळ, ईसीजी बिघडलेला, रक्तात ट्रोपोनिन वाढलेले. पण अँजिओग्राफीत कायमचा अडथळा सापडत नाही. थायरॉइडची संप्रेरके अति झाल्याने रोहिणी काही काळ आवळली जाते आणि नायट्रेट दिल्यावर सैल पडते. अशा वेळी टीएसएचची तपासणी राहून गेली, तर मूळ आजार तसाच राहतो आणि कळ पुन्हा येऊ शकते. शिवाय अँजिओग्राफीच्या औषधातील आयोडीनमुळे थायरॉइड आणखी भडकू शकते. म्हणून तातडीच्या उपचारांत खंड न पाडता रुग्णाचा गळा, बोटांची थरथर आणि घटलेले वजन यांकडेही डॉक्टरांना पाहावे लागते.