चित्रकार हळदणकर

कोकणातील सावंतवाडी येथे १८८२ साली सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस आले व सर जे. जे. कलाशाळेत शिकले. पुढे १९०८ साली त्यांनी स्वतःची कलासंस्था काढून अनेक विद्यार्थी घडविले.

जलरंगांवर त्यांचे विलक्षण प्रभुत्व होते. हे माध्यम मोठे कठीण. तैलरंगात चूक झाली, तर तिच्यावर दुसरा रंग चढविता येतो. जलरंग पारदर्शक असल्याने त्यांत चूक लपत नाही. उजेड दाखवावयाचा, तर तेवढा कागद प्रथमपासून फिका राखावा लागतो.

१९४५ च्या सुमारास हळदणकरांनी आपली कन्या गीता हिच्या हाती दिवा देऊन तिला उभे केले आणि जलरंगांत तिचे चित्र काढले. चित्रातील स्त्रीने ज्योतीपुढे तळहाताचा आडोसा धरला आहे. बोटांतून लालसर प्रकाश झिरपतो व तिच्या शांत मुखावर पसरतो. भोवती मात्र अंधार आहे. दिवा विझू नये ही काळजी आणि तो तेवत राहील हा विश्वास, असे दोन्ही भाव त्या मुद्रेवर उमटले आहेत.

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील हे चित्र पुष्कळ लोक राजा रविवर्मा यांचे समजतात. पण रविवर्मा १९०६ सालीच निवर्तले होते. हळदणकरांचे देहावसान १९६८ साली झाले.

मुलांनो, हे चित्र पाहाल, तेव्हा त्या दिव्याबरोबर तो रंगविणाऱ्या हाताचेही स्मरण करा.