मार्कोनी व रोमची नभोवाणी

महोत्सवाच्या स्मरणिकेंत एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र द्यावें, असा प्रघात आहे. आणि तें बहुधा संताचें असतें. आम्हीं या खेपेस ज्याचें चरित्र निवडलें आहे तो संत नव्हता, हें वाचकांस आरंभींच सांगणें बरें. गुलिएल्मो मार्कोनी हा यंत्रविद्येचा उपासक, मोठा व्यापारी व आपल्या देशाच्या राज्यकर्त्यांचा मानकरी होता. तथापि ख्रिस्तसभेची वाणी जगाच्या कानाकोपऱ्यांत नेणारें साधन तिच्या हातीं त्यानेंच दिलें. शिवाय या निवडीस एक घरगुती कारण आहे. गेल्या वर्षापासून आमच्या धर्मग्रामांतील तरुण मंडळी एक मागणी करीत आहेत : आपल्या ख्रिस्तमंदिराची स्वतःची नभोवाणी असावी, ती मोबाईलवर चालावी, आणि अकोला-अमरावतींतच नव्हे, तर पोटासाठीं पुण्या-मुंबईस गेलेल्या आपल्या मुलांनाही ती ऐकूं यावी. होकार देण्यापूर्वीं आम्हांस एक प्रश्न पडला. वाणी आपली खरी. पण ज्या साधनावरून ती जाणार, त्याचा धनी कोण? मार्कोनीच्या चरित्रांत हा प्रश्न पावलोपावलीं भेटतो; म्हणून तें येथें सांगत आहों.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजीं इटलींतील बोलोन्या शहरीं झाला. वडील ज्युझेप्पे हे जमीनदार होते. आई ॲनी जेम्सन ही आयर्लंडची, प्रोटेस्टंट पंथाची. मुलाचा बाप्तिस्मा कॅथलिक विधीनें झाला. विश्वविद्यालयाची पदवी त्यास कधीं मिळाली नाहीं. विद्युल्लहरी तारेवांचून अवकाशांतून जातात, हें हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें पूर्वींच सिद्ध केलें होतें. त्या लहरींकरवीं संदेश धाडतां येईल, हा ध्यास मार्कोनीनें घेतला व पोंतेक्क्यो येथील वडिलांच्या वाड्यांत माळ्यावर प्रयोग मांडले. १८९५ सालीं समोरच्या टेकडीपलीकडे, सुमारें दोन किलोमीटरांवर, त्याची खूण पोहोंचली; पलीकडे उभ्या असलेल्या माणसानें बंदुकीचा बार काढून ती मिळाल्याची वर्दी दिली. टेकडी आड येत नाहीं, तर समुद्र तरी कां यावा, असें त्या एकवीस वर्षांच्या तरुणास वाटलें असल्यास नवल नाहीं.

१८९६ सालीं तो आईसह लंडनला गेला आणि तेथें त्यानें आपल्या शोधाचें पेटंट मागितलें. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य यंत्रज्ञ विल्यम प्रीस यांनीं त्यास आश्रय दिला. १८९९ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी त्याच्या लहरींनीं ओलांडली. आणि १२ डिसेंबर १९०१ रोजीं न्यूफाउंडलंड येथें, पतंगानें उंच चढविलेल्या तारेच्या आधारें, इंग्लंडहून आलेले एका अक्षराचे तीन ठिपके आपण ऐकले, असें त्यानें जाहीर केलें. त्याविषयीं शास्त्रज्ञांत अद्यापि वाद आहे. परंतु पुढील कांहीं वर्षांत महासागरापलीकडे नियमित संदेश जाऊं लागले, ही गोष्ट निर्विवाद आहे. १९०९ सालीं फर्डिनंड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञासह त्यास पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें आपल्या देशाच्या एका सुपुत्राचें स्मरण करणें न्याय्य आहे. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनीं कलकत्त्यास त्याच सुमारास विद्युल्लहरींचे प्रयोग जाहीर रीतीनें करून दाखविले होते. अटलांटिक प्रयोगांत मार्कोनीनें वापरलेला पाऱ्याचा संग्राहक हा बसूंनीं १८९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या उपकरणाच्या धर्तीचा होता, असें कित्येक संशोधकांचें मत आहे. बसू पेटंटांविषयीं उदासीन असत. मार्कोनी मात्र प्रत्येक शोधावर मालकीची मोहर उमटवी.

ही मालकीची वृत्ति त्याच्या कंपनींत पूर्णपणें उतरली. १८९७ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीची रीत अशी कीं, जहाजांना यंत्रें विकावयाचीं नाहींत, भाड्यानें द्यावयाचीं. त्यांवर काम करणारे नोकर आपलेच नेमावयाचे. आणि संकटाची हांक सोडल्यास इतर कंपन्यांच्या यंत्रांशीं संभाषण करावयाचें नाहीं. जणूं काय आकाशासही कुंपण घालावयाचें होतें. १९०६ सालीं बर्लिन येथें भरलेल्या राष्ट्रांच्या परिषदेनें ही आडकाठी दूर करण्याचा ठराव केला. १९१२ सालीं टायटॅनिक बुडाली, तेव्हां मार्कोनी कंपनीच्याच दोघां तरुण नोकरांनीं धाडलेली हांक ऐकून दुसरें जहाज धांवून आलें व सुमारें सातशें जीव वाचले. तारेवांचून जाणारा शब्द जीवदान देतो, हें त्या रात्रीं जगाला कळलें.

ज्यानें मालकीसाठीं एवढी दक्षता घेतली, त्याच्याच हातून मालकी कशी निसटत गेली पाहा. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील त्याची शाखा परकीयांच्या हातीं राहूं नये, असें तेथील नौदलास वाटलें, आणि १९१९ सालीं ती एका नव्या अमेरिकन कंपनीच्या ताब्यांत गेली. १९२२ सालीं मार्कोनी कंपनी व इतर यंत्रनिर्माते यांनीं मिळून लंडनला ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली. १ जानेवारी १९२७ पासून ती व्यापाऱ्यांची न राहतां सार्वजनिक महामंडळ झाली. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत मार्कोनीच्या पद्धतीचें बिनतारी ठाणें सुरू झालें : खडकीहून संदेश सुटत व दौंडला ते घेतले जात, आणि विलायत क्षणांत जोडली जाई. ती सेवा प्रथम खासगी कंपनीची होती. १९४७ सालीं सरकारची झाली, १९८६ सालीं सरकारी कंपनीची, आणि २००२ सालीं टाटा उद्योगाच्या हातीं गेली. नभोवाणीचेंही तसेंच. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं एका खासगी कंपनीनें उघडलें. तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तिचें दिवाळें निघालें व १९३० सालीं सरकारनें तें चालविण्यास घेतलें. १९३६ सालीं त्या सेवेस ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें, आणि १९४८ सालीं आमच्या वऱ्हाडाजवळ नागपूर केंद्र उभें राहिलें. धनी बदलतो, नांव बदलतें, कार्यक्रमांची घडण बदलते. ऐकणारा शेतकरी मात्र तोच असतो.

आतां रोमकडे वळूं. ११ फेब्रुवारी १९२९ रोजीं झालेल्या लॅटरन कराराने व्हॅटिकन हें स्वतंत्र राज्य ठरलें. परमगुरु अकरावे पायस हे दूरदृष्टीचे होते. परक्याच्या तारेवर व परक्याच्या टपालावर अवलंबून असलेलें राज्य खरें स्वतंत्र नव्हे, हें जाणून त्यांनीं व्हॅटिकनच्या उद्यानांत नभोवाणी केंद्र उभारण्याचें काम मार्कोनीस सांगितलें. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं मार्कोनीनें प्रास्ताविक केलें आणि परमगुरु लॅटिन भाषेंत साऱ्या सृष्टीस व साऱ्या मानवांस उद्देशून बोलले. पेत्राच्या उत्तराधिकाऱ्याचा आवाज एकाच क्षणीं अनेक खंडांत ऐकूं जाण्याचा तो पहिला प्रसंग होता. केंद्राची व्यवस्था येशूसंघाकडे सोंपविली गेली व फादर ज्युझेप्पे ज्यानफ्रान्चेस्की हे शास्त्रज्ञ धर्मगुरु पहिले संचालक झाले. आरंभीं तेथून लॅटिनमध्यें शास्त्रीय वार्ता दिल्या जात. १९३३ सालीं मार्कोनीनें अतिसूक्ष्म लहरींनीं व्हॅटिकन व कास्तेल गांदोल्फो हीं दोन ठिकाणें जोडून दिलीं.

येथवर वाचून कोणी मार्कोनीस धर्मवीर मानील, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९२३ सालीं तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षांत सामील झाला. १९३० सालीं त्यास इटलीच्या राजकीय विद्वत्सभेचें अध्यक्षपद मिळालें. आणि १९३५ सालीं इटलीनें ॲबिसिनियावर चढाई केली, तेव्हां त्यानें त्या अन्यायाचें परदेशांत समर्थन केलें. त्या वेळीं लंडनच्या नभोवाणीवर आपली बाजू मांडण्याची त्याची इच्छा तेथील चालकांनीं मान्य केली नाहीं. ज्या संस्थेच्या पायाभरणींत त्याच्या कंपनीचा हात होता, तिचें दार त्याच्यासाठींच बंद झालें! २० जुलै १९३७ रोजीं रोम येथें त्याचा अंत झाला. अंत्यविधीच्या दिवशीं ब्रिटनमधील बिनतारी केंद्रें दोन मिनिटें स्तब्ध राहिलीं. ज्यानें जगाला बोलकें केलें, त्यास जगानें मौनानें निरोप दिला.

त्याच्या पश्चात् रोमच्या केंद्राची खरी कसोटी लागली. जानेवारी १९४० मध्यें पोलंडांतील जर्मन अत्याचारांची हकीकत त्यावरून जगास कळली. महायुद्धांत बंदिवान झालेल्या व बेपत्ता झालेल्या माणसांच्या शोधासाठीं त्या केंद्रानें बारा लाखांहून अधिक संदेश प्रसृत केले. कोठें तरी एखादी आई रात्रभर कान लावून बसे, आणि त्या खरखरींतून आपल्या मुलाचें नांव ऐकतांच उठून प्रार्थना करी. ते संदेश धाडण्यास परवानगी देणारा दुसरा धनी असता तर? मालकीचा प्रश्न केवळ पैशाचा नसतो, हें यावरून कळतें.

पुढें १९५७ सालीं बाराव्या पायस यांनीं रोमबाहेर सांता मारिया दि गालेरिया येथें मोठें प्रक्षेपणस्थान उघडलें. हिंदी, तमिळ व मल्याळम या भाषांतही केंद्र बोलूं लागलें. आम्ही सेमिनरींत शिकत असतां रात्रीं लघुलहरींवर कांटा फिरवून तें शोधीत असूं. परंतु काळ कोणासाठीं थांबत नाहीं. २००९ सालीं तेथें प्रथमच जाहिराती घेतल्या गेल्या. २०१२ सालीं युरोप व अमेरिका यांसाठीं होणारें लघुलहरींचें बरेंचसें प्रक्षेपण थांबलें. २०१५ सालीं परमगुरु फ्रान्सिस यांनीं प्रसारकार्याचें नवें खातें निर्माण केलें आणि २०१७ च्या आरंभापासून नभोवाणी त्यांत विलीन झाली. आठ दशकांहून अधिक काळ येशूसंघाच्या हातीं असलेला कारभार नव्या व्यवस्थेखालीं आला. आशियाच्या बिशपांचें मनिला येथील रेडिओ व्हेरितास यानेंही २०१८ च्या मध्यास लघुलहरी बंद करून इंटरनेटचा मार्ग धरिला.

या बदलांस आम्ही दोष देत नाहीं. खर्च मोठा, ऐकणारे विखुरलेले, आणि नवें साधन स्वस्त. पण हिशेबाच्या वहींत एक रकाना कोरा राहतो. जुना ट्रान्झिस्टर दोन सेलांवर चाले, आणि कोण काय ऐकतो याची नोंद कोणापाशीं राहत नसे. मेळघाटांतील ज्या पाड्यावर मोबाईलची खूण टेकडीवर चढल्याशिवाय सांपडत नाहीं, तेथील म्हातारीस नवी नभोवाणी म्हणजे बंद दारच होय. १८९५ सालीं जी टेकडी मार्कोनीनें ओलांडली, ती तिच्यापुढें अद्यापि उभीच आहे.

आमच्या तरुणांच्या मागणीकडे आतां परत येऊं. या देशांत धार्मिक संस्थेस एफ. एम. केंद्राचा खासगी परवाना मिळत नाहीं. तेव्हां त्यांची नभोवाणी परदेशस्थ कंपन्यांच्या साधनांवरूनच चालणार. तें साधन आज फुकट आहे. उद्यां त्याचे नियम बदलतील, धनी बदलेल, किंवा तें बंदही पडेल. ज्यानें शोध लाविला त्यासही दार बंद झालेलें आपण पाहिलें. तरी आम्हीं होकार दिला आहे, मात्र तीन अटींवर. प्रत्येक प्रवचनाची व प्रत्येक गीताची प्रत धर्मग्रामाच्या स्वतःच्या कपाटांत राहावी. कोणाच्याही जाहिरातीसाठीं प्रार्थना मध्येंच थांबूं नये. आणि ज्यांच्या घरीं ही वाणी पोहोंचत नाहीं, त्यांच्या दारीं महिन्यांतून एकदां याच तरुणांनीं पायीं जावें.

तिसरी अट ऐकून मंडळी क्षणभर गप्प झाली. मग त्यांनीं ती मान्य केली. १९५५ सालीं अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हां सुवार्ता या भागांत पायीं, बैलगाडीनें व सायकलीवरूनच फिरत होती. तें साधन कोणाच्या मालकीचें नव्हतें व तें बंद पाडण्याचा अधिकार कोणासही नव्हता. मार्कोनीची देणगी आपण कृतज्ञतेनें घेऊं. परंतु वाटेंतला खांब कोसळला तरी आपली वाट थांबूं नये, एवढी कृपा प्रभूनें या महोत्सवाच्या वर्षीं आपणां सर्वांवर करावी, हीच प्रार्थना.