आयासोफिया सावरणारे मिमार सिनान

24 जुलै 2020 रोजी इस्तंबूलच्या आयासोफियात जुम्याची नमाज पुन्हा अदा झाली, तेव्हा त्या विशाल घुमटाची आणि चार मिनारांची छायाचित्रे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. त्या दिवसांत सुलतान मुहम्मद फातेह यांचे नाव घरोघरी घेतले गेले, आणि ते योग्यच होते. मात्र त्याच छायाचित्रात पश्चिम बाजूला दोन जाड, एकसारखे मिनार दिसतात. इमारतीच्या भिंतींना बाहेरून टेकलेल्या अवजड आधारभिंतीही दिसतात. त्यांच्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते मिमार सिनान आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाहीत. मिमार म्हणजे वास्तुकार. फातेह यांनी आयासोफिया मिळवली, आणि सव्वाशे वर्षांनंतर ती ढासळू लागली तेव्हा सिनान यांनी ती सावरली.

सिनान यांचा जन्म 1490 च्या आसपास अनातोलियातील कायसेरीजवळच्या आगिरनास या खेड्यात एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. सुलतान सलीम पहिले यांच्या काळात त्यांना देवशिर्मे प्रथेखाली राजधानीत आणण्यात आले. ख्रिस्ती घरांतील मुले निवडून न्यावयाची, त्यांना इस्लामची शिकवण व शिस्त द्यावयाची आणि सैन्यात किंवा दरबारात त्यांची नेमणूक करावयाची, अशी ही प्रथा होती. आपल्या नियतकालिकांत उस्मानी साम्राज्याची थोरवी गाताना या प्रथेवरून घाईघाईने पुढे जाण्याची रीत आहे. मला ती रुचत नाही. जिम्मी प्रजेचा जीव, मालमत्ता व कुटुंब यांच्या संरक्षणाची जी हमी शरीअत देते, तिच्याशी आईबापांपासून मुले तोडण्याचा मेळ बसत नाही. सिनान यांचे पुढील आयुष्य कितीही वैभवाचे ठरले असले, तरी ते घर त्या दिवशी रिकामे झाले होते, हे आपण विसरू नये. ते स्वतःही विसरले नव्हते. त्याची हकीगत पुढे येईलच.

तरुणपणी ते सुतारकाम शिकले आणि जानिसारी सैन्यातून मोहिमांवर गेले. 1521 मध्ये बेलग्रेड, 1522 मध्ये ऱ्होड्स, 1526 मध्ये मोहाच आणि नंतर बगदाद, असा त्यांचा प्रवास झाला. या वाटेवर त्यांनी असंख्य जुन्या इमारती पाहिल्या. वान सरोवर ओलांडण्यासाठी त्यांनी नावा बांधून दिल्या. 1538 च्या मोल्दाव्हिया मोहिमेत प्रूत नदीच्या दलदलीत पूल टिकत नव्हता, तो त्यांनी 13 दिवसांत उभा केला. त्यानंतर लवकरच त्यांची मुख्य शाही वास्तुकार म्हणून नेमणूक झाली. तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. ज्या वयात आपल्याकडे माणसे निवृत्तीचा हिशोब मांडू लागतात, त्या वयात त्यांचे खरे काम सुरू झाले आणि पुढे सुमारे 50 वर्षे, तीन सुलतानांच्या कारकिर्दीत, ते चालू राहिले.

आता त्या इमारतीकडे वळू. आयासोफिया बायझंटाईन सम्राट जस्टिनियन याने 532 ते 537 या पाच वर्षांत चर्च म्हणून बांधून घेतली. अँथेमियस व इसिडोर हे तिचे रचनाकार होते. चौकोनी जागेवर गोल घुमट बसवावयाचा, तर चारही कोपऱ्यांत मधली पोकळी भरून काढावी लागते. ती त्यांनी त्रिकोणी वक्र भागांनी भरली आणि सुमारे 31 मीटर व्यासाचा घुमट जमिनीपासून 55 मीटर उंचीवर नेला. परंतु घुमटाचा भार केवळ खाली जात नाही, तो भिंतींना बाहेरही ढकलतो. हा जोर त्यांना पुरता आवरता आला नाही. 558 मध्ये घुमट कोसळला. तो पुन्हा अधिक उंच बांधला गेला, त्याचा काही भाग 989 मध्ये पडला, आणि 1346 मध्ये पुन्हा पडला. मधल्या काळात, 1204 मध्ये, चौथ्या क्रूसेडमधील ख्रिस्ती सैनिकांनीच हे चर्च लुटले, आणि 1261 पर्यंत ते रोमच्या पंथाकडे राहिले. 1453 मध्ये शहर जिंकल्यावर फातेह यांनी तेथे जुम्याची नमाज अदा केली, इमारतीला मस्जिद ठरवले आणि तिच्या देखभालीसाठी वक्फ लावून दिला. मानवाकृती असलेली भिंतींवरील चित्रे काळाच्या ओघात चुन्याच्या गिलाव्याखाली गेली. पण त्यांतील पुष्कळशी खरवडून टाकली गेली नव्हती, म्हणूनच विसाव्या शतकात ती पुन्हा दिसू शकली.

सिनान यांनी या इमारतीकडे शागीर्द उस्तादाकडे पाहतो तसे पाहिले. 1550 ते 1557 या काळात त्यांनी सुलतान सुलैमान यांच्यासाठी सुलैमानिया मस्जिद बांधली. तिच्या मुख्य घुमटाला पुढून व मागून दोन अर्धघुमटांचा आधार आहे. ही मांडणी सरळ आयासोफियाची आहे आणि त्यांनी ती लपवली नाही. मात्र त्यांनी तिच्यात एक बदल केला. आयासोफियात मधला भाग आणि बाजूचे भाग खांबांच्या रांगांनी तुटलेले आहेत, कारण चर्चमध्ये दृष्टी वेदीकडे जावी लागते. नमाजसाठी सफ आडवी पसरते. सिनान यांनी बाजूचे खांब विरळ केले आणि जागा मोकळी केली. आयासोफियातील मेहराबही इमारतीच्या मध्यरेषेवर नाही, थोडी उजवीकडे सरकलेली आहे. इमारतीचे तोंड एका दिशेला आणि किबला किंचित दुसऱ्या दिशेला, असे तेथे आजही दिसते.

1573 साली सुलतान सलीम दुसरे यांनी वयोवृद्ध सिनान यांना सोबत घेऊन आयासोफियाची पाहणी केली. इमारतीला खेटून घरे उभी राहिली होती, पायाशी ओल मुरत होती, आणि आधाराच्या जागा लोकांनी अडवल्या होत्या. घरे पाडून भोवताल मोकळा करावा, आधारभिंती बांधाव्यात आणि मिनार उभारावेत, असा निर्णय झाला. तेव्हा कुरबूर सुरू झाली. काहींचे म्हणणे असे की, ज्यांनी ही इमारत बांधली ते मुस्लिम नव्हते, मग तिच्यासाठी मुस्लिमांची घरे कशाला पाडावीत. प्रश्न फतव्यापर्यंत गेला आणि निकाल या आक्षेपाच्या विरुद्ध लागला. दुरुस्ती झाली.

वाचकहो, येथे जरा थांबा. सूरह हजच्या 40व्या आयतीत मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळे व मस्जिदी यांचा उल्लेख एकाच ओळीने येतो, आणि या सर्वांचे रक्षण अल्लाह माणसांकरवीच घडवतो, असा तिचा आशय आहे. जी वास्तू अल्लाहच्या स्मरणासाठी उभी राहिली, ती कोणाच्या हातांनी उभी राहिली यावरून तिची किंमत कमी होत नाही. शिवाय ती वक्फ होती, म्हणजे अमानत होती. आणि ती घरे? आपल्याकडेही मस्जिदीच्या भिंतीला लागून दुकानांचे गाळे निघतात, त्यांच्या भाड्यातून झुंबर येते, आणि गच्चीची गळती पावसाळ्यागणिक वाढत जाते. गाळा हटवा, असे म्हणणाऱ्या विश्वस्ताला मोहल्ल्यात काय ऐकावे लागते, हे सांगावयास नको. सिनान यांना तेच ऐकावे लागले.

त्याच 1573 सालची दुसरी नोंद मला अधिक बोलकी वाटते. सायप्रस जिंकल्यानंतर तेथे वस्ती करण्यासाठी कायसेरी भागातील कुटुंबे हलवली जात होती. त्यांत सिनान यांचे ख्रिस्ती नातलगही होते. सिनान यांनी सुलतानाकडे अर्ज केला आणि आपल्या नात्यातील लोकांना यातून सूट मागितली. फर्मान निघाले आणि सूट मिळाली. गाव सोडून सुमारे साठ वर्षे झाली होती, धर्म वेगळा झाला होता, तरी नाते तुटले नव्हते. आपल्या दीनमध्ये नातलगांशी सद्वर्तनाची जी ताकीद आहे, ती नातलग मुस्लिम असतील तरच लागू होते, असा समज करून घेणाऱ्यांनी हे फर्मान ध्यानात घ्यावे.

याच सुमारास एदिर्ने शहरात त्यांची सलीमिया मस्जिद पूर्ण होत आली होती. आठ स्तंभांवर पेललेला एकच घुमट आणि त्याखाली अखंड जागा, अशी तिची रचना आहे. आयासोफियाएवढा घुमट मुस्लिमांना जमणार नाही, हे बोलणे आपल्या मनाला लागले होते आणि आपण तिच्याहून मोठा घुमट बांधून दाखवला, असे सिनान यांनी आपले मित्र साई मुस्तफा चेलेबी यांच्याकडून लिहवून घेतलेल्या आठवणींत नोंदले आहे. मोजमापे मात्र सांगतात की दोन्ही घुमटांचा व्यास जवळपास सारखाच आहे, आणि जमिनीपासूनची उंची आयासोफियाचीच अधिक आहे. म्हाताऱ्या उस्तादाचा हा अभिमान समजण्यासारखा आहे. पण फरक उंचीत नव्हता. सलीमियाचा घुमट एकदाही कोसळला नाही.

सिनान 1588 मध्ये अल्लाहला प्यारे झाले. मस्जिदी, मदरसे, पूल, हमाम आणि इस्तंबूलला पाणी पुरवणारे किर्कचेश्मेचे जलसेतू धरून तीनशेहून अधिक कामे त्यांच्या नावावर आहेत. सुलतान सलीम यांची कबर त्यांनी आयासोफियाच्या अंगणात बांधली. स्वतःसाठी त्यांनी सुलैमानियाच्या भिंतीबाहेर, दोन रस्ते मिळतात तेथील एक लहानसा त्रिकोणी तुकडा घेतला. त्याच्या टोकाला त्यांनी वाटसरूंसाठी पाण्याची सबील बांधली, आणि कबर तिच्या मागे आहे.